रजिस्ट्री आपल्या नावावर, मग अट कोणाची?

अट क्रमांक १७ कूलरबद्दल होती. ‘सदनिकाधारकाने इमारतीच्या दर्शनी भागास कूलर, कूलरचा स्टँड किंवा लोखंडी जाळी बसवू नये.’ नागपूरच्या बेसा रोडवरच्या ताईच्या नव्या फ्लॅटचा करारनामा माझ्या हातात होता. मार्च संपत आला होता आणि भाऊजी हॉलमध्ये येरझारा घालत होते.

“पैसे आपन मोजले, रजिस्ट्री आपल्या नावानं होईन, मंग आपल्याच खिडकीत कूलर लावाले याइले काऊन इचाराचं?”

मी बँकेत घरकर्जाच्या टेबलावर २३ वर्षं काढली. हा प्रश्न मी शेकडो लोकांच्या तोंडून ऐकला आहे. बहुतेकांना मिळणारं उत्तरही ठरलेलं असतं: छापील मसुदा आहे, सगळ्यांनी सह्या केल्यात, तुम्हीही करा. हे उत्तर मला कधीच पटलं नाही. प्रश्न खरा आहे, आणि कायद्यात त्याचं बरंचसं उत्तरही आहे. ते साध्या मराठीत कोणी सांगत नाही म्हणून माणसं एक तर सगळ्या अटींना घाबरतात, नाहीतर सगळ्यांवर चिडतात.

भाऊजी सगळ्यांवर चिडले होते. त्या करारात कूलरखेरीज आणखी पाच अटी त्यांना खुपत होत्या. बाल्कनी काचेनं बंद करायची नाही. फ्लॅटमध्ये दुकान, दवाखाना, शिकवणी चालवायची नाही. पुढे फ्लॅट विकायचा झाला तर बिल्डरची ना-हरकत घ्यायची आणि चौरस फुटाला १०० रुपये ‘हस्तांतरण शुल्क’ त्याच्याकडे भरायचं. इंटरनेट बिल्डरनं ठरवलेल्या कंपनीचंच घ्यायचं. आणि गच्चीचे हक्क कायम बिल्डरकडे. एकाच शाईत, एकाच आकाराच्या अक्षरांत छापलेल्या या सहा अटी सहा वेगवेगळ्या जातकुळीच्या आहेत.

आधी एक गाळणी लावावी लागते. आपण खरंच विकत घेतोय का? नागपुरात हे विचारणं फार गरजेचं आहे, कारण इथे ‘माझा प्लॉट’ म्हणणाऱ्या कितीतरी लोकांकडे मालकी नसते, पट्टा असतो, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जमीन वापरायचा हक्क. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्यानं उभं राहिलं, आणि त्याच्या योजनांमधले प्लॉट साधारण ३० वर्षांच्या, नूतनीकरण होणाऱ्या पट्ट्यानं दिले गेले. नझुलच्या जमिनींचंही तसंच. तिथे जमीन शासनाची किंवा प्रन्यासाची, आपण पट्टेदार. प्लॉट विकायचा तर परवानगी, वापर बदलायचा तर परवानगी, कर्जासाठी गहाण ठेवायचा तरी परवानगी. लोक यावर संतापतात, पण कायद्याच्या नजरेत पट्टा देणारा अजून मालक आहे आणि स्वतःच्या मालमत्तेसाठी अटी घालायचा त्याला हक्क आहे. म्हणूनच वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिरातींत ‘फ्री होल्ड’, म्हणजे पट्टा नसलेली पूर्ण मालकी, हे शब्द ठळक छापलेले असतात. त्या शब्दांची किंमत मोजावी लागते आणि ती मोजण्यासारखी असते.

ताईचा फ्लॅट मात्र पूर्ण विक्रीचा होता. इथून पुढचं सगळं अशा खऱ्या खरेदीबद्दल.

मालमत्ता हस्तांतरणाचा आपला कायदा १८८२ सालचा आहे. त्यातली तीन कलमं समजली की निम्मी धास्ती जाते. कलम १० सांगतं की मालमत्ता देताना ‘घेणाऱ्यानं ती पुढे कोणालाच देऊ नये’ अशी पूर्ण बंदी घातली, तर ती बंदी रद्दबातल. विक्री मात्र कायम राहते. हा बारकावा महत्त्वाचा आहे. अट बेकायदा निघाली म्हणून सौदा मोडत नाही. अट गळून पडते आणि घर आपल्याकडे राहतं.

कायदा याबाबत इतका ठाम का? कारण विकता न येणारी वस्तू ही अर्धीच मालकी. घर विकता येत नसेल तर बँक ते तारण धरत नाही, मुलाला पुण्यात नोकरी लागली तरी आईवडिलांना हलता येत नाही, आजारपणात तेच घर उपयोगी पडत नाही. आणि एका पिढीनं घातलेली बंदी चार पिढ्या जमिनीवर बसून राहते. मेलेल्या माणसाची इच्छा जिवंत माणसांच्या गरजेपेक्षा वरचढ ठरू नये, हा त्यामागचा विचार आहे.

बंदी शब्दांत पूर्ण नसली तरी परिणामात पूर्ण असू शकते, हेही न्यायालयं पाहतात. इंग्लंडमध्ये १८८४ सालचा एक निकाल आहे. वडिलांनी मृत्युपत्रात मुलाला इस्टेट दिली, पण अट घातली की विकायची झाल्यास आधी आपल्या पत्नीला ३,००० पौंडांत द्यावी. इस्टेटीची खरी किंमत होती १५,००० पौंड. विकायला मनाई कुठेच लिहिलेली नव्हती. पण पाचपट किमतीची वस्तू एक पट पैशांत कोण देईल? न्यायालयानं ती अट पूर्ण बंदीच मानली आणि बाजूला सारली. करार वाचताना मी हा निकाल नेहमी डोक्यात ठेवते. अट काय म्हणते हे एक, आणि ती पाळली तर आपल्या हातात काय उरतं हे दुसरं.

कलम ११ वापराबद्दल आहे. पूर्ण मालकी दिल्यावर ‘ती अशी वापर, तशी वापरू नको’ हे विकणाऱ्यानं सांगायचं नाही. सांगितलं तरी घेणारा ती अट नाहीच असं धरून वागू शकतो. भाऊजींना हे कलम वाचून दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा खुलला. पण त्याच कलमात पुढे एक अपवाद आहे. विकणाऱ्याची शेजारी दुसरी मालमत्ता असेल आणि तिचा नीट उपभोग घेता यावा म्हणून अट घातली असेल, तर ती टिकते.

हा अपवाद कळायला लंडनमधल्या एका चौकाची गोष्ट सांगावी लागेल. लेस्टर स्क्वेअरच्या मधोमध एक बाग होती आणि भोवतालची काही घरं टल्क नावाच्या गृहस्थांची. १८०८ मध्ये त्यांनी बाग विकली, पण खरेदीदाराकडून लिहून घेतलं की ती मोकळी राहील, तिच्यावर बांधकाम होणार नाही. बाग हातोहात फिरत मॉक्सहे नावाच्या माणसाकडे आली. त्याच्या खरेदीखतात ही अट लिहिलेली नव्हती. अशी अट आहे हे मात्र त्याला माहीत होतं. त्यानं बांधायचं ठरवलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मॉक्सहेचं म्हणणं सरळ होतं: वचन मी दिलेलं नाही, पहिल्यानं दिलं होतं.

१८४८ मध्ये न्यायालयानं त्याला बांधायला मनाई केली. त्यामागचं कारण मला आजही फार न्याय्य वाटतं. बांधकामाची मनाई असलेली जमीन स्वस्त मिळते. पहिल्या खरेदीदारानं अटीसकट स्वस्तात घ्यायची, दुसऱ्या दिवशी ‘तुझ्यावर अट नाही’ म्हणत तीच महागात विकायची, आणि मधल्या मध्ये टल्कच्या खिडकीसमोर भिंत उभी राहायची, हे कसं चालेल? ज्यानं अट जाणून घेतलं, त्यानं अटीसकट घेतलं.

आपल्याकडे हाच विचार कलम ४० मध्ये आहे. शेजारच्या जमिनीच्या भल्यासाठी घातलेलं बंधन नव्या खरेदीदारालाही लागू होतं, जर त्याला त्याची माहिती असेल. आणि नोंदणी झालेल्या दस्तात ते लिहिलेलं असेल तर माहिती होती असंच धरलं जातं. ‘मला कोणी सांगितलं नाही’ हे तिथे चालत नाही. म्हणून वकिलाकडून ३० वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या नोंदणी झालेल्या दस्तांचा शोध, करून घ्यायचा, आणि जुनी खरेदीखतं नुसती फाइलमध्ये लावायची नाहीत, बसून वाचायची. माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी लोकांनी सर्च रिपोर्टचं शेवटचं पानच पाहिलेलं असायचं, जिथे ‘टायटल क्लिअर’ लिहिलेलं असतं.

आता ताईच्या दोन अटी या चष्म्यातून पाहू. दुकान-दवाखाना नको, आणि बाल्कनी बंद करू नका. यांचा फायदा कोणाला? बिल्डर तर इमारत विकून निघून जाणार. फायदा शेजाऱ्यांना. आणि ही अट ताईवर जितकी, तितकीच वरच्या मजल्यावर, तितकीच समोरच्यावर. ताईनं शिकवणी चालवायची नाही, पण ताईच्या डोक्यावरही दुपारभर चाळीस मुलं जिना चढणार नाहीत. धंतोली आणि रामदासपेठेत काय झालं ते नागपूरकरांना सांगायला नको. राहत्या वस्तीत एकेक करत दवाखाने आले, पार्किंग रस्त्यावर आलं, आणि रहिवाशांना हा प्रश्न उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत न्यावा लागला. प्रत्येक मालकाला आपापल्या घराचं काहीही करायची मोकळीक असेल, तर शेवटी कोणाचंच घर राहण्यासारखं उरत नाही.

नागपुरात बहुतेक इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली येतात. त्यात आधी डीड ऑफ डिक्लेरेशन, म्हणजे इमारत या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र होतं, मग प्रत्येकाच्या फ्लॅटची अपार्टमेंट डीड. हा कायदाच सांगतो की प्रत्येक मालकानं डिक्लेरेशन आणि उपविधी पाळायचे, आणि इमारतीच्या मजबुतीला धोका पोचेल किंवा तिचं मोल कमी होईल असं काम करायचं नाही. म्हणजे फ्लॅट घेतानाच आपण शेजाऱ्यांशी एक करार करतो. त्याला मी बंधन कमी आणि भिशी जास्त म्हणेन: सगळ्यांनी सारखं घालायचं आणि सगळ्यांना परत मिळायचं.

म्हणून माझी पहिली कसोटी अशी आहे. अट सगळ्यांना सारखी बांधते का, आणि जो ती पाळायला लावतो तो स्वतः ती पाळतो का?

पण ही कसोटी अपुरी आहे, आणि ते मला बरंच उशिरा कळलं. शेजाऱ्यांनी आपसांत, सगळ्यांना सारखी लागू होणारी अट घातली तरी ती अन्यायाची असू शकते. अमेरिकेत सेंट लुईस शहरात १९११ मध्ये एका रस्त्यावरच्या मालकांनी लिहून ठेवलं की ५० वर्षं इथली घरं काळ्या लोकांना द्यायची नाहीत. १९४५ मध्ये शेली नावाच्या कृष्णवर्णीय कुटुंबानं तिथे घर घेतलं आणि शेजारी न्यायालयात गेले. १९४८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की लोकांनी आपसांत काय लिहायचं ते लिहावं, पण अशी अट अंमलात आणायला न्यायालय आपली ताकद वापरू देणार नाही.

आपल्याकडे २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर अहमदाबादच्या पारशी गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण आलं. संस्थेच्या उपविधीत सदस्यत्व फक्त पारशांना होतं, आणि एका सदस्याला आपल्या जागेवर फ्लॅट बांधून बाहेरच्यांना विकायचे होते. न्यायालयानं उपविधी उचलून धरला. संस्थेत येताना सदस्यानं ते बंधन स्वतःहून पत्करलं आहे, ही काही पूर्ण बंदी नव्हे, असं न्यायालयाचं म्हणणं. एका छोट्या समाजाला आपली वसाहत टिकवावीशी वाटते हे मी समजू शकते. तरी या निकालानं मला अस्वस्थ केलं. कारण तेच दार मग प्रत्येक जातीला, प्रत्येक खाण्यापिण्याच्या सवयीला उघडं होतं, आणि नागपुरात भाड्यानं घर शोधणाऱ्याला आडनाव विचारून झाल्यावर काय ऐकावं लागतं हे मी बँकेत आलेल्या तरुण मुलांकडून ऐकलं आहे. दीक्षाभूमीच्या शहरात तरी हे बोलायला हवं. घरात काय करायचं यावर शेजाऱ्यांनी अट घालावी. घरात कोणी राहायचं यावर घालू नये. कायदा आज या बाजूला पूर्ण उभा नाही. मी उभी आहे.

बिल्डरकडे वळू. चौरस फुटाला १०० रुपये हस्तांतरण शुल्क. ताईचा फ्लॅट १,०५० चौरस फुटांचा, म्हणजे एक लाख पाच हजार. कशासाठी? बिल्डर त्या दिवशी काहीही करणार नाही. त्याची किंमत त्याला आधीच पोचलेली आहे. इथे कोणाच्या बागेची काळजी नाही, कोणाच्या झोपेची नाही. वस्तू विकून झाल्यावरही विकणाऱ्याचा हात खरेदीदाराच्या खिशात ठेवायची ही व्यवस्था आहे.

यावर कलम १० सरळ लावता येत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. शुल्क घेणं म्हणजे विक्रीवर पूर्ण बंदी नव्हे. सहकारी गृहनिर्माण संस्था असती तर सोपं होतं. तिथे हस्तांतरण शुल्कावर शासनानं २००१ मध्येच जास्तीत जास्त २५,००० रुपयांची मर्यादा घातली. अपार्टमेंट कायद्याखालच्या इमारतींत त्या मर्यादेचा थेट आधार मिळत नाही.

आधार मिळतो तो ग्राहक कायद्यात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं ‘अन्याय्य करार’ ही कल्पना पहिल्यांदा कायद्यात नीट लिहिली. ग्राहकावर अवाजवी शुल्क, अवाजवी अट किंवा बंधन लादून त्याला तोट्यात घालणारा करार त्यात येतो. अशा कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगात चालत नाही, राज्य आयोगात करायची असते, आणि राज्य आयोगाचं खंडपीठ नागपुरात आहे. मुंबई गाठावी लागत नाही.

हा कायदा होण्याच्या काही महिने आधी, त्याच वर्षी एप्रिलमध्ये, सर्वोच्च न्यायालयानं गुरुग्रामच्या एका फ्लॅटच्या प्रकरणात हाच विचार मांडला होता. तिथल्या करारात खरेदीदारानं हप्ता उशिरा भरला तर व्याज १८ टक्के, आणि बिल्डरनं उशीर केला तर तो देणार ९ टक्के. न्यायालयानं म्हटलं की खरेदीदाराला सही करण्यावाचून पर्यायच नव्हता. अशा एकतर्फी अटी त्याला बांधून ठेवू शकत नाहीत. ‘तुम्ही सही केली आहे’ हे वाक्य म्हणजे शेवटचा शब्द नाही.

गच्ची आणि पार्किंगबाबत तर लढायलाही नको, फक्त माहीत हवं. बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यात सामाईक जागांच्या व्याख्येतच गच्ची आणि उघडं पार्किंग आहे. त्याआधी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मुंबईच्या एका प्रकरणात सांगितलं होतं की इमारतीखालचं स्टिल्ट पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. आणि मंजूर नकाशात मोठा बदल करायचा, म्हणजे वर मजले चढवायचे, तर दोन-तृतीयांश खरेदीदारांची लेखी संमती लागते. करारात ‘गच्चीचे हक्क कायम बिल्डरकडे’ लिहिलं म्हणून कायदा पुसला जात नाही.

बिल्डरची एक अट मात्र रास्त असते: सगळी रक्कम चुकती होईपर्यंत फ्लॅट दुसऱ्याला द्यायचा नाही. रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, महारेराच्या, नमुना करारातही ती आहे. पैसे बाकी असताना विकणाऱ्याचा जीव त्या घरात अडकलेला असतो, ते मान्य करायला हवं.

हा विचार घरापुरता नाही. दुकानातून घेतलेल्या वस्तूंनाही हल्ली अशी शेपटं चिकटलेली असतात. १९०८ चा अमेरिकेतला एक निकाल आहे: एका प्रकाशकानं पुस्तकातच छापलं की हे एक डॉलरपेक्षा कमी किमतीला विकणं म्हणजे हक्कभंग. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानानं ते ८९ सेंटला विकलं. सर्वोच्च न्यायालयानं दुकानाची बाजू घेतली. प्रत एकदा विकली की तिच्या पुढच्या किमतीवर प्रकाशकाचा हक्क संपला. आपल्याकडे २०१४ मध्ये स्पर्धा आयोगानं १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड ठोठावला, कारण सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देता गाडीमालकांना आपल्याच वर्कशॉपला बांधून ठेवलं जात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण गाडी आपली आणि तिचा नट त्यांच्याकडूनच घ्यायचा, ही सक्ती रोजच्या अनुभवातली आहे. आमच्या गल्लीतला मेकॅनिक नव्या गाड्या उघडून पाहतो आणि सांगतो, याचं मशीन आमच्याकडे नाही.

विदर्भात मात्र या विषयाचा खरा जीव कापसाच्या बियाण्यात आहे. अमेरिकेत जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनचं बियाणं घेताना शेतकऱ्याला करार करावा लागतो: आलेल्या पिकातलं बी पुढच्या वर्षी पेरायचं नाही. इंडियाना राज्यातल्या एका वृद्ध शेतकऱ्यानं तो करार पाळला, पण हंगामातल्या दुसऱ्या पेरणीसाठी धान्याच्या गोदामातून साधं सोयाबीन आणून पेरलं. त्यात बहुतेक तेच वाण निघालं. त्याला वाटलं, गोदामातलं धान्य मी पैसे देऊन घेतलं, तिथे कोणताच करार नाही. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पेटंट असलेल्या बियाण्यापासून नवं बियाणं तयार करायचा हक्क खरेदीतून मिळत नाही. त्याला ८४,००० डॉलरहून अधिक भरपाई द्यावी लागली.

भारतानं वेगळी वाट धरली. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यात, कलम ३९ मध्ये, शेतकऱ्याला बी राखून ठेवणं, पेरणं, पुन्हा पेरणं, अदलाबदल करणं आणि विकणंही मोकळं आहे. फक्त ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही. हे कलम मला फार मोलाचं वाटतं. पण खेदाची गोष्ट अशी की २००२ पासून आलेलं आपल्याकडचं बीटी कापसाचं बियाणं मुख्यतः संकरित आहे. संकरिताचं बी राखून पेरलं तर पुढच्या पिढीत झाडं एकसारखी येत नाहीत, उतारा घटतो. म्हणून शेतकरी दरवर्षी नवी पाकिटं घेतो. तिथे मनाईचा कागद लागतच नाही, तेच काम बी करतं. सरळ वाणांवरचं, म्हणजे ज्यांचं बी राखून पुन्हा पेरता येतं अशा वाणांवरचं संशोधन याच कारणानं जिव्हाळ्याचं आहे, आणि केंद्रीय कापूस संशोधन संस्था आपल्या वर्धा रोडवरच आहे.

शासन घालतं त्या बंद्यांबद्दल थोडक्यात. म्हाडाच्या सोडतीतलं घर पाच वर्षं विकता येत नाही, कारण ते स्वस्तात देण्यामागे सगळ्यांचा पैसा आहे आणि ते राहायला दिलेलं आहे, नफ्याला नाही. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींना देण्यावर महसूल कायद्यात निर्बंध आहेत, परवानगीशिवाय ती देता येत नाही. इथे बंधन मालकावर असलं तरी ते त्याच्याच रक्षणाला आहे; रामटेक-पारशिवनीकडच्या गावांत कर्जाच्या कागदावर अंगठा घेऊन जमिनी कशा जायच्या, हे म्हातारी माणसं अजून सांगतात.

ताईच्या टेबलावर परत येते. शनिवारी आम्ही तिघं बिल्डरच्या ऑफिसात गेलो. करार अजून नोंदणीला गेला नव्हता, म्हणून बोलायला जागा होती. सही होऊन नोंदणी झाल्यावर तीच गोष्ट दहापट अवघड होते. हस्तांतरण शुल्काची अट त्यांनी तासाभराच्या चर्चेनंतर खोडली आणि तिथे ‘संपूर्ण रक्कम अदा होईपर्यंत’ असं लिहिलं. खाडाखोडीशेजारी दोन्ही बाजूंच्या छोट्या सह्या झाल्या. इंटरनेटच्या अटीतला ‘च’ गेला. गच्चीवर ते हलले नाहीत. वकिलांनी ताईला सांगितलं की ती अट रेराविरुद्ध आहे, तिला आपला आक्षेप आहे असं लेखी पत्र देऊन पोच घ्या. ती पोच आता फाइलमध्ये आहे.

मग भाऊजी बाल्कनीवर आले. तीही खोडा म्हणाले.

“ती राहू द्या,” ताई म्हणाली. “समोरच्यानं काच लावली तर आपल्याकडे हवा कुठून येईल?”

उरला कूलर. माझ्या मनात आमचं नंदनवनमधलं जुनं घर होतं. वरच्यांच्या कूलरमधून दुपारभर पाणी ठिबकायचं आणि खाली आईच्या वाळत घातलेल्या कुरडया पुन्हा ओल्या व्हायच्या. आई दरवर्षी वर जाऊन भांडायची, दरवर्षी तेच. त्यामुळे अट कशासाठी लिहिली असेल हे मला कळत होतं, आणि नागपुरात कूलरच बंद करणं म्हणजे काय हेही कळत होतं. शेवटी आम्ही ती अट नव्यानं लिहून घेतली, आणि सगळ्याच फ्लॅटधारकांच्या करारात तीच लिहा म्हणून सांगितलं: कूलर लावता येईल, स्टँड भिंतीत पक्का बसवायचा, खाली ट्रे ठेवायचा आणि ट्रेचं पाणी पाइपनं ड्रेनेजमध्ये सोडायचं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी ताईकडे गेले तेव्हा खसचा वास पार जिन्यापर्यंत येत होता. भाऊजींनी पाइपला दोन ठिकाणी क्लॅम्प मारले होते. खालच्या मजल्यावरच्या आजींनी बाल्कनीत जुनी साडी अंथरून कुरडया घातल्या होत्या, आणि साडी कोरडी होती.